इनास, रेकॉर्ड अजून माझ्याकडेच आहे

इनास, तू गेल्यापासून तुझ्याबद्दल जे बोललं जातंय, तसा माणूस मला रस्त्यात भेटला असता तर मी पलीकडच्या फुटपाथवर गेलो असतो. कॉलेजच्या शोकसभेत तुला अजातशत्रू म्हटलं गेलं. परीक्षेच्या हॉलमध्ये तू ज्यांचे मोबाइल काढून घेतलेस त्यांच्यापैकी कोणी हजर नव्हतं, म्हणून निभावलं. प्राचार्य म्हणाले, "सरांना संगीताची आवड होती," आणि हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की माझ्या मागच्या रांगेतल्या बाईंनी हळहळून शेजारणीला विचारलं, "कधीपासून?"

भुईगावच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला आहे. फोटो पासपोर्टचा आहे, त्यामुळे तुला कोणीतरी दम दिल्यासारखा दिसतोस. तुझ्याखाली शोकाकुल मंडळींचे फोटो आहेत. ते तुझ्या फोटोपेक्षा मोठे आहेत आणि त्यातले दोघे गॉगल लावून हसतायत. तुझी फिलोमिना चर्चमधून, मिस्सेहून परत येताना त्या फ्लेक्सखाली थांबली, वर बघितलं आणि मला म्हणाली, "सर, आमच्या यांना निवडनुकीला उभं केलंय काय?" त्या सबंध आठवड्यात मी पहिल्यांदा हसलो, ते तेव्हा.

तुझा जन्म, शिक्षण, फिजिक्स शिकवण्यातली तुझी हातोटी हे सगळं लिहायला इतर मंडळी आहेत आणि ती विशेषणांची काटकसर करत नाहीत. माझ्यापुढे वेगळाच प्रश्न होता. हे लिहायला घेतलं तेव्हा रेकॉर्ड अजून माझ्याकडे होती. आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये, शब्दकोशांच्या शेजारी उभी. पाऊस संपला, रस्ते कोरडे झाले, तिची भुईगावला परत जायची वेळ झाली. दरवर्षी तू स्कूटरवरून येऊन तिला घेऊन जायचास. यंदा आला नाहीस.

ती रेकॉर्ड माझी की तुझी, हे आपण शेवटपर्यंत ठरवलं नाही. कागदोपत्री ती माझी. माझ्या निवृत्तीच्या समारंभात तू ती मला चारचौघांत दिलीस. शाल झाली होती, नारळ झाला होता, आणि जे गृहस्थ आयुष्यात एकदाही ग्रंथालयात आले नव्हते त्यांचं ग्रंथालयाला ज्ञानमंदिर म्हणून झालं होतं. मग तू व्यासपीठावर एक मोठं चौकोनी चपटं पुडकं घेऊन आलास. सगळ्यांना वाटलं, मानपत्र. मलाही वाटलं, आणि मी मनातल्या मनात तुझ्याशी मैत्री तोडली. उघडलं तर आत एका ओल्या भिंतीला टेकवलेली सायकल होती, आणि सायकलच्या कॅरियरला फ्लॉवरचा गड्डा बांधलेला. खाली चार जणांची नावं, बारीक अक्षरांत, जणू छापखान्याने आग्रह केला म्हणून दिलेली.

"अरे, माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर कुठे आहे?" मी कुजबुजलो.

"नाही ना?" तू म्हणालास. चेहऱ्यावर इतका निष्पाप भाव मी फक्त कॉपी करताना पकडलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. "मग राहू दे माझ्याकडे. पण लायब्ररी, मालक तूच."

मला तू लायब्ररी म्हणायचास, ग्रंथपाल म्हणायला जीभ फार वळवावी लागते म्हणून. त्याच संध्याकाळी माझी भेट तुझ्या स्कूटरवर बसून भुईगावला गेली. जहाजावर नोकरी करणाऱ्या तुझ्या भाच्याने ती कुठल्याशा थंड बंदरातून, शर्टांच्या घडीत गुंडाळून आणली होती, आणि त्याला ती आणायला तू वर्षभर आधी सांगून ठेवलं होतंस, हे मला नंतर कळलं. स्वतःला हवी असलेली वस्तू दुसऱ्याला भेट देऊन स्वतःच्या घरी ठेवणं, हा देण्याघेण्याचा प्रकार मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

आता रेकॉर्डबद्दल. तुझ्या हयातीत मी ती चांगली आहे असं कधी म्हटलं नाही, कारण तुला सहन करणं आधीच अवघड होतं. आता लिहायला हरकत नाही. चौघं पोरं, दोन गिटारी, एक बेस, एक ड्रम. कोणाच्या तरी घराच्या मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण केलेलं. पहिलं गाणं सुरूच होतं मुळी मधून, दार उघडावं आणि आत मंडळी आधीपासूनच हसत असावीत तसं. एक गिटार स्टीलच्या वाटीवर चमच्याने वाजवल्यासारखी खणखणते, दुसरी तिच्या मागून जरा उशिरा येते आणि उशिरा आल्याबद्दल तिला काही वाटत नाही. ड्रम शेजारच्या खोलीत कॅरम चालल्यासारखा. गाणारी मुलगी गाण्याचं सोंग करत नाही. बसस्टॉपवर ओळखीचं माणूस भेटल्यावर सांगावं तसं ती सांगते की छत्री हरवली, बहीण नवीन घरी राहायला गेली, खालच्या दुकानात आता आवडता बिस्किटाचा पुडा मिळत नाही. यात कोणी मोडून पडत नाही, कोणी क्रांतीही करत नाही. दोन-तीन मिनिटांत गाणं संपतं आणि आपल्या लक्षात येतं की आपण पाय हलवत होतो.

"यात मोठं काय आहे?" भुईगावला ऐकायला आलो त्या पहिल्या रविवारी मी विचारलं होतं.

"काहीच नाही," तू खूश होऊन म्हणालास. "तेच तर."

तुझं गिटारशी जुनं नातं होतं. चर्चच्या गायनमंडळात तू वाजवायचास. मग तिथे कीबोर्ड आला, त्याच्यात ढोल, बासरी, ट्रम्पेट आणि पावसाचा आवाजही आयता मिळायला लागला, आणि तुला सांगण्यात आलं की सर, तुम्ही आता आराम करा. तू आराम केला नाहीस. त्या कीबोर्डने प्रायश्चित्तकाळातल्या एका गंभीर गीताला चुकून चा-चा-चा ताल लावला, तेव्हा तू पहिल्या बाकावर बसून टाळ्यांनी साथ दिलीस, असं फिलूवहिनींनी मला सांगितलं. फादरांनी नंतर तुला बोलावून घेतलं हेही सांगितलं.

आपलं खरं भांडण गाण्यांवरून नव्हतंच. ते होतं रेकॉर्ड बाळगण्यावरून. माझं म्हणणं, ही दहाही गाणी माझ्या फोनमध्ये आहेत, जागा खात नाहीत, पुसावी लागत नाहीत, मग या तबकडीचे लाड कशाला? निवृत्त माणसांनी असे सोपस्कार वाढवले की त्याचा धर्म होतो. तू म्हणायचास, फोनवर गाणी आपल्या मागे मागे येतात. भाजी घ्यायला जा, येतात. दात घासा, येतात. रेकॉर्डकडे आपल्याला जावं लागतं. मी म्हणायचो, हे वाक्य तू पाठ केलं आहेस. तू म्हणायचास, हो, पण तुझ्यावर चालत नाही, म्हणून रोज सराव करतो.

मग एका रविवारी मी माझ्या परीने त्या रेकॉर्डची काळजी घेतली, आणि तू महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाहीस. ग्रंथपालाच्या हाताला जे वळण असतं ते निवृत्तीने जात नाही. मी तिच्या कव्हरला छान प्लास्टिकचं वेष्टण घातलं, कडा चिकटपट्टीने पक्क्या केल्या, आणि त्याआधी कण्यावर, जरा चित्रावर वळवून, एक छोटी पांढरी पट्टी लावून तिच्यावर विषयाप्रमाणे वर्गांक लिहिला. आत, मागच्या बाजूला, तारखेचा शिक्का मारायची चिठ्ठीही डकवली. तू ते बघितलंस आणि तुझा आवाज एकदम खाली आला.

"लायब्ररी, हे काय केलंस?"

"वर्गीकरण."

"एकच रेकॉर्ड आहे रे आपल्याकडे! कशापासून वेगळी ओळखू येणार ती?"

"उद्या दुसरी आली तर?"

तू स्वयंपाकघराकडे बघून ओरडलास, "फिलू, याने सायकलीला नंबरप्लेट लावली!" आतून उत्तर आलं, "बरं केलं. चोरीला गेली तर सापडेल." मग तू वेष्टण सैल करून ती पट्टी गरम पाण्याच्या फडक्याने काढायला गेलास, तर थोडा रंगही निघाला. सायकलच्या मागच्या चाकाजवळ भिंत अजून पांढरट दिसते ती त्यामुळे. तू म्हणायचास तो माझा दोष, मी म्हणायचो तुझा. हे भांडण आता मी जिंकलो असं धरायला हरकत नाही, पण समोर कोणी नसताना जिंकण्यात काय मजा येते ते मला अजून समजलेलं नाही.

आणि पावसाळ्याचा नियम. तो तुझाच. पहिल्याच जूनमध्ये तू माझ्या दारात उभा राहिलास, पुडकं छातीशी धरून, रेनकोटच्या आत. आमच्याकडे समुद्राची हवा, म्हणालास. घर वाडीत, भोवती केळी, विहीर, सगळीकडे ओल. बुरशी धरते. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, कोरडं. पावसाळाभर तुझी वस्तू तू सांभाळ. म्हणजे माझी वस्तू कोरड्या दिवसांत, वाजवण्यासारखी असताना, तुझ्याकडे. आणि पावसात, मुक्यासारखी, माझ्याकडे. मी मान्य केलं. तुझ्याशी वाद घालताना तुझ्या हातात चहा द्यावा लागायचा आणि तेवढ्यात तू बसूनच जायचास.

मग जून ते सप्टेंबर तू बुरशी बघायला यायचास. आचोळ्याच्या रस्त्यावर पाणी साचलं की लोक घरात बसतात. तू स्कूटर रेल्वेच्या पुलाच्या पश्चिमेला लावून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चप्पल हातात घेऊन पाण्यातून यायचास. सुलभा दार उघडायची तेव्हा तुझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "वहिनी, तपासणीला आलोय." मग तू कव्हरमधून रेकॉर्ड काढून ट्यूबलाइटसमोर धरायचास, एक डोळा मिटून, हुंगायचास, परत ठेवायचास. "ठीक आहे," असा निकाल द्यायचास. त्यानंतर थालीपीठ, त्यानंतर चहा, त्यानंतर जगातल्या सगळ्या गोष्टींवर दोन-तीन तास. रेकॉर्ड कपाटात गप्प. मला तेव्हा वाटायचं, एवढ्या तपासणीला सरकारी खात्यांनी तुझ्याकडून शिकावं.

यंदाही तू ऑगस्टमध्ये आलास. जिना चढून आल्यावर जरा जास्त वेळ दम खात बसलास. मी म्हटलं, वजन कमी कर. तू म्हणालास, जिना कमी कर. मी याहून शहाणं काही बोलू शकलो असतो. गणपती गेले, पाऊस ओसरला, आणि मग एका सकाळी फिलूवहिनींचा फोन आला. तुझ्या नंबरवरून आला म्हणून मी उचलताना म्हणालो, "बोला तपासणी अधिकारी."

त्यानंतर तुझ्या महिन्याच्या मिस्सेपर्यंत मी रेकॉर्डला हात लावला नाही. मिस्सा झाली, जेवण झालं, तरी लावला नाही. सुलभाने दोनदा आठवण केली. "त्यांची वस्तू आहे. देऊन टाका." मी म्हटलं, माझी आहे. ती म्हणाली, "मग तर द्यायलाच हवी." पण प्रश्न वस्तूचा नव्हता, इनास. ती रेकॉर्ड मी एकदा भुईगावला नेऊन ठेवली की मला त्या घरी जायला काही काम उरणार नव्हतं. मी काम असल्याशिवाय कोणाच्या घरी जात नाही. बोलावलं तरी कारण शोधतो, मिळालं नाही तर जात नाही. दर रविवारी मी कपडे घालायचो, पुडकं बाहेर काढायचो, कोणीतरी फोन करायचं, मग ऊन व्हायचं, मग पुडकं परत आत.

शेवटी एका रविवारी सुलभाने रिक्षाच बोलावली, आणि मी गेलो.

फिलूवहिनी ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. तुझ्या रेकॉर्ड प्लेअरवर क्रोशाचं कापड होतं, नेहमीचंच, पण घडी नेहमीपेक्षा नीट. मी पुडकं पुढे केलं आणि रिक्षात जुळवलेलं वाक्य म्हटलं, "वहिनी, पावसाळा संपला. ही परत आणली."

"परत कशाला? तुमचीच हाय ना ती?"

"हो, पण इथेच ठेवायची ना. पावसात फक्त माझ्याकडे. बुरशी धरते म्हणून."

त्यांनी हातातली कळी खाली ठेवली. "कसली बुरशी?"

मी समुद्राची हवा सांगितली. वाडी, विहीर, ओल, सगळं तुझ्याच शब्दांत सांगितलं. त्या उठल्या आणि मला आत नेऊन लाकडी कपाट उघडलं. "हा माझा लग्नाचा आल्बम. ही सासूबाईंची लुगडी. ही पोरीच्या शाळेची सर्टिफिकेटं. बघा हात लावून. एवढी वर्षं इथंच हायत. यांना कोनाला बुरशी येत नाय, आनि तुमच्या त्या तव्यालाच येते?"

मी हात लावून बघितलं. सगळं कोरडं होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास.

"मी यांना विचारलं एकदा," त्या म्हणाल्या, "कशाला दरसाल त्या पान्यातून नेता आनि आनता? तर म्हनाले, लायब्ररी पावसाळ्यात कुठं जात नाय, आनि कोनाला ये म्हनत नाय. मी असाच गेलो तर तो विचारेल, काय काम काढलंस? मग काम नको काय माझ्याकडं?"

मी खरंच विचारलं असतं. एवढंच माझ्या मनात आलं. तू दारात उभा, गुडघ्यापर्यंत ओला, आणि मी विचारलं असतं, काय काम काढलंस. तू मला किती नीट वाचलं होतंस. मी आयुष्यभर पुस्तकांना क्रमांक दिले, आणि तू माझ्यासाठी एक बुरशी तयार केलीस, तीही दर जूनला न चुकता. फिलूवहिनींनी माझ्याकडे न बघता कपाट लावलं आणि म्हणाल्या, "बसा, पानी आनते." त्यांनी पाणी आणायला पुष्कळ वेळ लावला. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

परत आल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं. "तवा घेऊन जा. मशीनपन न्या."

"नाही वहिनी, मशीन इनासचं—"

"मी येते ना ऐकायला. तुमच्याकडं मी कधी आलेय काय? हे एकटेच जायचे. मी म्हटलं की म्हनायचे, तिथं पानी भरलंय, तू कशाला? आता कुठं पानी हाय?"

त्या दिवशी मी रेकॉर्ड तेवढी परत आणली, मशीन नाही. पुढच्या रविवारी त्या आल्या. रिक्षातून, एकट्या, रेकॉर्ड प्लेअर मांडीवर क्रोशाच्या कापडासकट, आणि स्पीकर पायांशी. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. मी मशीन घेऊन वर चढलो आणि प्रत्येक मजल्यावर थांबलो, आणि ऑगस्टमध्ये तुला काय म्हणालो होतो ते आठवून चौथ्यांदा थांबायची वेळ आली नाही याबद्दल बिल्डरचे आभार मानले. सुलभाने त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली. दोघींचं लगेच जमलं. विषय तूच होतास, आणि त्यात मीही थोडा होतो असं त्यांच्या हसण्यावरून वाटलं. वायरी जोडायला मला अर्धा तास लागला. सुई टेकवायला त्याहून जास्त धैर्य लागलं, कारण तू मला कधी हात लावू दिला नव्हतास.

पहिलं गाणं सुरू झालं, मधूनच, हसत. फिलूवहिनी हात मांडीवर ठेवून सरळ बसल्या होत्या, मिस्सेला बसतात तशा. तिसऱ्या गाण्याला त्यांनी भुवया उंचावल्या.

"ही पोरगी एवढं हळू गाते? आमच्याकडं या टायमाला मिक्सर चालू असायचा. मला वाटायचं, इथं नुसतं वाजवतात."

त्यांनी ती सगळी गाणी भिंतीपलीकडून ऐकली होती, फोडणीच्या आणि मिक्सरच्या मधल्या फटींतून. छत्रीचं गाणं त्यांना पाठ होतं. बिस्किटांचं त्यांना मुळीच आवडत नव्हतं. "रडका हाय तो गिटारवाला," त्या म्हणाल्या, आणि इनास, याच मुद्द्यावर मी तुझ्याशी एक पूर्ण उन्हाळा भांडलो होतो. मी सुलभाकडे विजयी मुद्रेने बघितलं. तिने बघितलं नाही. बाजू उलटली. दुसऱ्या बाजूची चार गाणी झाली आणि शेवटचं सुरू झालं, ते लांबलचक, ज्यात दोन्ही गिटारी एकच चार सूर फिरवत राहतात आणि ती मुलगी अगदी शेवटी गायला लागते. फिलूवहिनी पुढे झुकल्या.

"हे कुठलं?"

"शेवटचं."

"हे मी कधी ऐकलं नाय."

"तुम्ही जेवायला बोलवायचात. तो सुई उचलायचा. म्हणायचा, फिलूचं सुरमईचं कालवण थांबत नाही, हे थांबेल."

गाणं संपलं. सुई आतल्या कडेला जाऊन खरखर करत राहिली. मला वाटलं, आता त्या डोळे पुसतील आणि आपल्याला काय बोलावं ते सुचणार नाही. पण त्या सुलभाकडे वळल्या. "बाई, तुमचं जेवन झालंय काय?"

"भात व्हायचाय."

"मग होऊ दे सावकाश. सर, हे परत लावा."

मी परत लावलं. त्यानंतर आणखी एकदा. भात झाला, गार झाला. मी तुला सांगत आलो होतो की हे शेवटचं गाणं भरतीचं आहे, रेकॉर्डची जागा उरली म्हणून घातलेलं. तसं ते नाही. बस, एवढंच लिहून देतो, यापुढे वाद वाढवू नकोस.

निघताना मी मशीन बांधायला घेतलं. फिलूवहिनींनी मला थांबवलं. "मशीन राहू दे इथं. जड हाय." मग कव्हर उचललं, माझ्या प्लास्टिकच्या वेष्टणासकट, काखेत मारलं. "तवा मी नेते."

"अहो, पण मग तुम्ही तिकडे वाजवणार कशावर?"

"आनि तुमी इथं काय वाजवनार?" त्या म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

तर सध्याची परिस्थिती अशी आहे, इनास. आचोळ्यात मशीन आहे आणि रेकॉर्ड नाही. भुईगावात रेकॉर्ड आहे आणि मशीन नाही. यातली गैरसोय तुझ्यासारख्या फिजिक्सच्या माणसाच्या लगेच लक्षात येईल. आम्हा दोघांच्याही आली आहे. रविवारसाठी सुलभा मासे आणायला सांगते आहे, आणि ही गैरसोय दूर करायचा विषय अजून कोणी काढलेला नाही.